पहिल्या कॉमिक कॉनला जाताना

मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्याला जत्रा कशी करावी हे शिकवावे लागत नाही. काडू मल्लेश्वराच्या देवळापुढे कडलेकाई परिषे भरते, तेव्हा आपण शेंगांच्या पहिल्या ढिगाशी थांबून पिशवी भरत नाही. एक शेंग फोडून तोंडात टाकतो, भाव विचारतो, पुढे जातो आणि परतताना घेतो. (हे देऊळ सतराव्या शतकात शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी बांधले. आपल्या मराठी घरांचा या पेठेशी संबंध तसा जुना आहे.)

या पाठात दुसऱ्या एका जत्रेचा हिशेब करायचा आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी नववी-दहावीत असेल, तर तिचे नाव तुमच्या कानावर आले असेलच : कॉमिक कॉन. कॉमिक्स, सिनेमातील वीरपुरुष, जपानी ॲनिमे, व्हिडिओ गेम यांच्या चाहत्यांचा हा मेळावा. चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, प्रकाशक पुस्तके विकतात, व्यासपीठावर कार्यक्रम होतात आणि पुष्कळ मंडळी आवडत्या पात्राचा वेष करून येतात. त्या वेषाला कॉसप्ले म्हणतात.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोला असा मेळावा १९७० पासून भरतो. भारतातील पहिली कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत झाली. तिथे अमर चित्र कथेचे जनक अनंत पै यांचा जीवनगौरव पुरस्काराने सन्मान झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २४ फेब्रुवारीला, ते गेले. मूळचे कारकळचे हे गृहस्थ. आपल्यातील अनेकांनी लहानपणी त्यांचीच चित्रकथा हातात घेऊन दुपार काढली आहे. तेव्हा ‘हे मुलांचे खूळ’ म्हणण्याआधी जरा थांबावे. बंगळुरूची पहिली कॉमिक कॉन सप्टेंबर २०१२ मध्ये कोरमंगलाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाली, २०२५ ची १८ आणि १९ जानेवारीला व्हाईटफील्डच्या केटीपीओ केंद्रात. म्हणजे महिना आणि जागा दोन्ही बदलतात. हे लक्षात ठेवा, बचतीच्या आखणीत त्याचा उपयोग होणार आहे.

एकच खाते, सगळ्यांचा वाटा

बहुतेक छोट्या बचतदारांच्या घरात एकच बचत खाते असते. पगार त्यात येतो, वीजबिल त्यातून जाते, आजीची औषधे त्यातून येतात आणि एप्रिल-मेमध्ये शाळेची फी भरायची असते तीही त्यातूनच. खात्यात अठरा हजार दिसतात. त्यातले आपल्या मनाप्रमाणे खर्च करता येतील असे किती, हे पासबुक सांगत नाही.

जत्रेत घात होतो तो इथे. दिवसभरात पन्नास वेळा ‘दोनशेच तर आहेत’ असे वाटते आणि प्रत्येक वेळी फोनवर दिसणारी शिल्लक अठरा हजारांच्या घरातली असते, त्यामुळे दोनशे खरोखरच किरकोळ वाटतात. संध्याकाळी सहा-सात हजार गेलेले असतात. ते कोणाच्या वाट्याचे गेले, हे फीची नोटीस आल्यावर कळते.

म्हणून जत्रेचे पैसे जत्रेच्या आधी वेगळे ठेवायचे. मुलीला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘इतके’ म्हणणे बरे. आकडा ठरलेला असला की आत गेल्यावर प्रत्येक टेबलापाशी वाद होत नाही आणि आई-बाबांनाही दिवस मोकळेपणाने घालवता येतो.

आकडा कसा काढावा

एक उदाहरण घेऊ. मल्लेश्वरममधील एका घरातून आई आणि पंधरा वर्षांची मुलगी एका दिवसासाठी जाणार आहेत. खालील रकमा समजण्यासाठी धरल्या आहेत. तिकिटाचा त्या वर्षीचा दर आयोजकांच्या अधिकृत जागी पाहून तुमचे आकडे तुम्ही घालायचे.

तिकीट प्रत्येकी १,००० धरले, तर दोघींचे २,०००. ऑनलाइन नोंदणी करताना वर सेवाशुल्क लागते, ते १४० धरू. मेट्रो : फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीनंतर एका फेरीचे कमाल भाडे ९० रुपये झाले. तेच धरले तर दोघींचे जाण्यायेण्याचे ३६०. संपिगे रोड किंवा महाकवी कुवेंपु रोड स्थानकावर हिरव्या मार्गिकेत बसायचे, मॅजेस्टिकला उतरून जांभळ्या मार्गिकेने व्हाईटफील्डच्या दिशेने जायचे. ही जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाईटफील्डपर्यंत सलग सुरू झाली आणि आपल्या बाजूच्या लोकांची मोठी सोय झाली. स्मार्ट कार्ड असेल तर भाड्यात थोडी सवलत मिळते. कॅबने गेलात तर एका बाजूलाच मेट्रोच्या या ३६० पेक्षा जास्त मोजावे लागतील असे धरून चाला.

खाण्याचे दोघींचे ७००. अशा ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, हे बऱ्याच जणांना दारातच कळते. घरून पोटभर पोहे-उपमा खाऊन निघा. जाता जाता सीटीआरचा बेण्णे दोसा खाऊ म्हणाल, तर सुट्टीच्या सकाळी तिथली रांगच अर्धी जत्रा असते.

इथपर्यंत ३,२०० झाले. ही आत शिरण्याची किंमत. ती कमी-जास्त करायला फारसा वाव नाही. यापुढचे मात्र तुमच्या हातात आहे : वेषासाठी १,५००, खरेदीसाठी २,०००, अडीअडचणीला ५००. एकूण ७,२००.

आता उलटा हिशेब करा. सहा महिने हातात असतील तर महिना १,२०० बाजूला काढावे लागतील. तेवढे जमत नसेल, ७०० च जमत असतील, तर सहा महिन्यांत ४,२०० होतात. त्यातून ३,२०० आत शिरण्याचे गेले की वेष आणि खरेदीला मिळून १,००० उरतात. हेही मुलीला आजच सांगता येते. सहा महिने आधी कळलेले हजार रुपये आणि दुकानापुढे उभे असताना ऐकवलेले ‘हजारच’ यांत फार फरक पडतो.

पैसे कुठे ठेवावेत

बँकेत आवर्ती ठेव साधारण सहा महिन्यांपासून काढता येते. पोस्टाची आवर्ती ठेव १०० रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत पाच वर्षांची. या कामाला ती लांब पडते.

दरमहा १,२०० रुपये सहा महिने भरले आणि व्याजदर सहा टक्के धरला, तर व्याज सव्वाशे रुपयांच्या आसपास मिळेल. एवढ्याशा व्याजासाठी कोणी ठेव काढावी असे आम्ही म्हणणार नाही. ठेवीचा खरा उपयोग असा की पगार झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही रक्कम मुख्य खात्यातून आपोआप निघते आणि नजरेआड राहते. मेळाव्याची तारीख लवकर लागली आणि ठेव मुदतीआधी मोडावी लागली तरी मुद्दल मिळतेच. व्याज थोडे कमी होईल, इतकेच. मोडण्याचा नियम मात्र ठेव काढतानाच शाखेत विचारून घ्या.

मुलीच्या नावाचे खाते असेल तर अधिक चांगले. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँका आपापल्या मर्यादेत स्वतः चालवता येईल असे बचत खाते देऊ शकतात. अशा खात्यावर कर्ज किंवा उचल मिळत नाही, शिल्लक असेल तेवढेच खर्च करता येते. जत्रेसाठी याहून चांगली शिस्त कोणती? वाढदिवसाचे पाकीट, मामाने दिलेले पाचशे, दिवाळीची ओवाळणी हे सारे तिने त्यात टाकावे आणि खरेदीचा वाटा तिनेच उचलावा. आपल्या पैशाने घेताना मुले वस्तू दोनदा उलटून पाहतात.

‘आता घ्या, नंतर भरा’

तिकीट काढतानाच हप्त्याचा पर्याय पुढे येतो. स्टॉलवर कार्ड चालते. इथे थोडी आकडेमोड करून ठेवा. वरचे ७,२०० रुपये क्रेडिट कार्डावर खर्च केले, बिल पूर्ण भरले नाही आणि कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के असेल, तर पहिल्याच महिन्याचे व्याज २५२ रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४५. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटतात. वर्षाला ते ४२ टक्के होतात. शिवाय जुनी बाकी असताना त्याच कार्डावर किराणा घेतला, तर त्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बिलावर ठळक छापलेली ‘किमान रक्कम’ भरली की विलंबशुल्क टळते, पण व्याज चालूच राहते.

‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्दही जपून वाचा. शून्य टक्के व्याज असे काही प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने मिळाली असती ती सूट हप्त्यात मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क म्हणून पैसे वेगळे घेतले जातात. ॲपवरून कर्ज घेऊन खेळण्यातला पुतळा आणू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

वेष घरात करा

दरवर्षी गणपतीचे मखर घरी करणाऱ्यांना कॉसप्ले अवघड नाही. पुठ्ठा, फोमशीट, चिकटवायची ग्लू गन, सोनेरी रंग यांतच चिलखत होते. कापड आणि लेस आठव्या क्रॉसला मिळते, फोम आणि इतर सामान चिकपेटच्या बाजूला स्वस्त पडते, दिवे लावायचे असतील तर एसपी रोड. त्याआधी कपाट उघडा. आईची जुनी जरीची साडी, आजोबांचा लांब कोट यांतून अर्धा वेष निघतो. तयार वेष मागवला तर पैसे जास्त जातात आणि मापाला बसेलच असे नाही.

पात्र निवडताना दोन गोष्टी पाहा. धातूची किंवा खऱ्यासारखी दिसणारी शस्त्रे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आयोजकांचे नियम वाचूनच तलवार करा. आणि तो वेष घालून मेट्रोत तासभर बसता येईल का? नसेल, तर सुटे भाग पिशवीत नेऊन तिथे चढवता यावेत. पहिल्या वेळी साध्या कपड्यांत गेले तरी काही बिघडत नाही. बहुसंख्य लोक तसेच येतात.

तिकीट आणि फोन

तिकीट अधिकृत जागीच घ्या. ‘मला जायला जमत नाही, अर्ध्या किमतीत देतो’ असा निरोप एखाद्या ग्रुपवर येतो आणि क्यूआर कोडचे छायाचित्र पाठवले जाते. तो कोड दाराशी एकदाच चालतो. तेच छायाचित्र दहा जणांना विकले असेल तर पहिला आत जातो, नऊ जण बाहेर राहतात. पैसे परत मिळतील म्हणून कोणी कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितले तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी असतो.

तरीही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. तुम्ही स्वतः पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच, हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे.

त्या दिवसासाठी यूपीआय लाइट सोयीचे आहे. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. खरेदीसाठी ठरवलेले दोन हजार आदल्या रात्री त्यात भरा. ते संपले की खरेदी संपली. एक काळजी मात्र घ्या : पिन लागत नाही, म्हणून फोनचे कुलूप पक्के हवे. शिवाय पासबुकात फक्त भरलेल्या दोन हजारांची नोंद दिसेल, कशावर किती गेले ते लिहिलेले नसेल. छोटी वही जवळ ठेवा. गर्दीत नेटवर्क रेंगाळते, तेव्हा शंभराच्या पाच-सहा नोटाही असू द्या. स्टॉलवर पैसे देण्याआधी पडद्यावरचे नाव वाचून दाखवा, ‘हेच ना?’ असे विचारा.

आत गेल्यावर

पहिली फेरी हात खिशात ठेवून. परिषेत करतो तसेच. आवडलेल्या वस्तूचे नाव, स्टॉलचा क्रमांक, भाव वहीत. मग कुठेतरी बसून यादीवर खुणा करा आणि दुसऱ्या फेरीत घ्या.

वेष्टनात बंद असलेल्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव-पत्ताही. तो नसेल, तर हुबेहूब नक्कल असण्याची शक्यता धरा आणि किंमत त्या मानाने पाहा. महाग वस्तूचे बिल मागा. स्टॉल रविवारी रात्री उठतो. सोमवारी डोके तुटलेले निघाले तर जायचे कुठे, हा पत्ता त्या बिलावरच असतो.

सीलबंद डब्यांचे गणित मुलीला आधीच करायला द्या. या डब्यात कोणती बाहुली निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही. समजा बारा प्रकार आहेत, सगळे सारख्या प्रमाणात, आणि डबा ८०० रुपयांना आहे. हवी ती बाहुली एका डब्यात मिळण्याची शक्यता बारात एक. तीन डबे घेतले, २,४०० रुपये गेले, तरी ती मिळण्याची शक्यता चारात एकाहूनही कमी. सरासरीने पाहिले तर तिच्यासाठी बारा डबे, म्हणजे ९,६०० रुपये. हे गणित नववीच्या पोराला सहज सुटते आणि आमच्या अनुभवात कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त काम करते.

‘ही वस्तू ठेवा, पुढे किंमत वाढेल’ असेही कोणीतरी सांगेल. दाखला खरा असतो : १९३८ सालचा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम आला, तेव्हा दहा सेंटला मिळत होता, २०२४ मध्ये त्याची एक प्रत साठ लाख डॉलरला गेली. पण तो अंक मुलांनी वाचून फाडला, रद्दीत गेला, म्हणून उरलेल्या मोजक्या प्रतींना हा भाव आला. आज हजारोंनी निघणारी आणि हजारोंनी जपून ठेवलेली वस्तू तशी दुर्मीळ होणार कशी? आवडली म्हणून घ्या. बचत म्हणून घेऊ नका. अचानक दवाखान्याचे काम निघाले तर ठेव त्याच दिवशी मोडता येते, पुतळ्याला गिऱ्हाईक शोधत बसावे लागते.

एक गोष्ट मात्र हात आखडता न घेता करावी. टेबलामागे स्वतःची चित्रे घेऊन बसलेला चित्रकार हाही आपल्यासारखाच छोटा कमावणारा आहे. टेबलाचे भाडे, छपाई त्याने पदरची घातलेली असते. मोठ्या दुकानात छापील किमतीला निमूट पैसे द्यायचे आणि त्याच्याशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची, हे बरे दिसत नाही. दोनशे-तीनशेत मिळणारे त्याचे सही केलेले चित्र घरी पुतळ्यापेक्षा जास्त दिवस भिंतीवर राहते.

सोमवारी

वही काढून बेरीज करा. ठरवलेले किती होते, गेले किती, आणि कोणत्या रकान्यात चुकले, एवढेच पाहा. मुलीनेच बेरीज करावी. अडीअडचणीचे पाचशे वापरले गेले नसतील, यूपीआय लाइटमध्ये काही उरले असेल, तर ते परत खात्यात वळवून घ्या. तसेच पडून राहिले तर चहा-बिस्किटात जातात. आवर्ती ठेव याच आठवड्यात पुन्हा सुरू करा. पुढच्या वेळची तारीख जाहीर झालेली नसेल आणि ती सप्टेंबरातही असू शकते, जानेवारीतही. या वेळी रक्कम किती लावायची, ते वहीतल्या बेरजेवरून मुलीला सुचवू द्या.